वाऱ्याची दिशा आणि गावकुसाबाहेरची जमीन

वाऱ्याची दिशा पाहून जागा निवडण्याचं शास्त्र आपल्याकडे पवनचक्कीसोबत आलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आपल्याच गावाची रचना बघावी. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत महारवाडा पूर्वेच्या अंगाला सापडतो. जुनी माणसं त्याचं कारण सांगतात. आपल्याकडे मोठा वारा पश्चिमेकडून येतो. वस्ती पूर्वेला असली की वारा गावावरून आपल्या वस्तीवर येतो, आपल्या वस्तीवरून गावावर जात नाही. सावलीचा विटाळ मानणाऱ्यांनी वाऱ्याचाही विचार केला होता. प्रत्येक गावात हाच नियम पाळला गेला असं मी म्हणत नाही. कुठे ओढा आडवा आला, कुठे टेकडी आली आणि वस्ती दक्षिणेला गेली. पण वारा कुठून येतो, कुठे जातो आणि त्याच्या वाटेवर कुणाला बसवायचं, हा हिशोब गावगाड्याने फार पूर्वी केला होता.

हे आज आठवायचं कारण असं की गेल्या पंचवीस वर्षांत सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार, बीड अशा जिल्ह्यांतल्या माळांवर आणि डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि अजून राहताहेत. आपल्या तरुणांमध्ये यावर दोन मतं ऐकायला मिळतात. काही म्हणतात, कोळशाचा धूर नाही, धरणासारखं गाव बुडत नाही, मग विरोध कशाला? काही म्हणतात, कंपनी आली म्हणजे लूट आली, सरसकट विरोध करा. दोन्ही बाजू एक प्रश्न वगळून भांडतात. ही जागा निवडली कुणी, आणि निवडताना कोणते कागद पाहिले?

आधी शास्त्र समजून घेऊ, कारण कंपनीचा माणूस ग्रामसभेत शास्त्राच्याच नावाने बोलतो. वाऱ्यातून मिळणारी ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एका माळावर वारा सरासरी सेकंदाला ५ मीटर असेल आणि शेजारच्या माथ्यावर ६ मीटर, तर वेगातला फरक विसावा हिस्साही वाटत नाही, प्रत्यक्षात तो एक पंचमांश आहे. पण ऊर्जेतला फरक? जवळजवळ पावणेदोन पट. त्यामुळे जागेचा शोध वाऱ्यापासून सुरू होतो. आधी उपग्रहावरून आणि जुन्या नोंदींवरून पट्टा ठरतो, मग तिथे मोजणीचा उंच मनोरा उभा राहतो. त्याच्यावर वेगवेगळ्या उंचीवर वेग आणि दिशा मोजणारी यंत्रं असतात. किमान एक वर्ष, बऱ्याचदा त्याहून जास्त काळ नोंदी घेतल्या जातात. आपल्याकडे वर्षाच्या विजेतला मोठा वाटा पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतो, म्हणून चार दिवस मोजून काही कळत नाही.

वारा जमला की बाकीचे प्रश्न येतात. लांबलचक पातं घाटातून वर न्यायला रस्ता होईल का? महापारेषणचं उपकेंद्र किती लांब? माती पाया धरेल का? एका पवनचक्कीची दुसरीला वाऱ्याची सावली पडू नये म्हणून पात्यांच्या व्यासाच्या काही पट अंतर सोडावं लागतं, तेवढा माथा मोकळा आहे का? इथपर्यंत सगळं खरं आहे, आणि अभियंत्याशी यावर भांडण नाही.

पण या यादीत शेवटी एक प्रश्न असतो आणि तो अभियंता विचारत नाही, जमीन मिळवून देणारा माणूस विचारतो. जमीन लवकर आणि स्वस्तात कुठली मिळेल? डोंगराची एक धार दहा-पंधरा किलोमीटर लांब असते. वारा त्या सगळ्या धारेवर वाहतो. मनोरा कुठल्या गावात लागायचा आणि पाया कुठल्या गटात खणायचा हे वारा एकटा ठरवत नाही. तिथे सातबारा बोलतो. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गेल्या दोनशे वर्षांत तयार होत आलं आहे.

इंग्रजांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी मोजणी सुरू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांची नावं त्या पद्धतीशी जोडलेली आहेत. जमिनीची प्रत आण्यांमध्ये लावायची, तिच्यावर आकार बसवायचा, आणि ज्यातून आकार निघत नाही ते वजा करायचं. पोटखराबा, पडीक, खराबा हे शब्द आजही आपल्या सातबाऱ्यावर आहेत, ते या हिशोबातून घट्ट झाले. नीट पाहा, 'पडीक' म्हणजे निरुपयोगी असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. सरकारला सारा मिळत नाही ती पडीक. पण त्याच पडीक जमिनीवर कुणाची शेळी चरत होती, कुणी सरपण आणत होतं, मेलेलं जनावर ओढून नेऊन कुणी तिथे सोलत होतं, कुणाचे मुडदे तिथे पुरले जात होते. महार वतनाच्या जमिनींची नावंच हाडकी, हाडोळा अशी आहेत. नावावरून जागा कळते. गावाला नको असलेली, हाडं पडलेली, मुरमाड, उंचावरची नाहीतर अगदी कडेची जमीन वतनात यायची, आणि तिच्या मोबदल्यात सरकारची, पाटलाची आणि गावाची चोवीस तास वेठ.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठी. तुकडाभर जमीन आणि बलुतं देऊन एक अख्खा समाज गुलामीत बांधला जातो, ही त्यांची मांडणी होती. विधेयक तेव्हा पार पडलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली आला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. जमिनी परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर. परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, म्हणजे आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग २. ही अट आपल्या संरक्षणासाठी होती, हे मान्य. मात्र परवानगीची किल्ली ज्यांच्या हातात, त्यांच्यापर्यंत दलालाची पोच आपल्या आधी असते, हा अनुभव या जमिनी ज्यांच्याकडे आहेत त्यांना वेगळा सांगायला नको.

वतनात महाराचं एक काम होतं ते इथे मुद्दाम सांगतो. गावाची शीव त्याला ठाऊक असायची. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष घेतली जायची, तो चालेल ती शीव मानली जायची. गावाच्या जमिनीचा चालता नकाशा म्हणजे तो माणूस. येसकर म्हणून वेशीवर रात्रभर रखवाली करायचा तोही तोच. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात गावाबाहेर राहण्याचं मूळ शोधताना हीच कडी धरली आहे. ज्यांना ते 'ब्रोकन मेन' म्हणतात, त्या टोळ्यांतून फुटलेल्या माणसांना स्थिरावलेल्या लोकांनी गावाच्या कडेला जागा दिली, ती राखण आणि पहारा यांच्या बदल्यात. कडेची जागा आणि रखवालीचं काम, ही जोडी लक्षात ठेवा. लेखात ती पुन्हा येणार आहे.

आता विजेकडे येऊ. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज व पाटबंधारे त्यांच्याकडे होतं. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरण समितीपुढे त्यांनी केलेलं भाषण आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलं पाहिजे. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण विजेशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, असं ते सांगतात. आणि लगेच प्रश्न टाकतात की या विजेची मालकी खासगी असावी की सरकारची. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी त्याचं उत्तर लिहून ठेवलं, पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे. म्हणजे आंबेडकरवादी माणूस विजेच्या विरोधात असू शकत नाही. पण त्याच मसुद्यात आणखी एक मागणी आहे, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. सरकारच्या ताब्यातल्या, लागवडीखाली नसलेल्या जमिनी एका वसाहत मंडळाकडे विश्वस्त म्हणून द्याव्यात आणि त्यांवर अस्पृश्यांची स्वतंत्र गावं वसवावीत. जी जमीन सरकारच्या दप्तरी पडीक होती, ती बाबासाहेबांच्या लेखी आपल्या सुटकेची जमीन होती. हा योगायोग नाही. गावाच्या हद्दीत कुणाच्या नावावर नसलेली एवढीच जमीन शिल्लक होती.

चळवळीने ही मागणी सोडली नाही. १९५३ मध्ये मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने गायरानांसाठी सत्याग्रह केला. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. ६ डिसेंबर १९६४ पासून तर तो देशभर झाला, लाखो माणसं तुरुंगात गेली. बायका तान्ही मुलं घेऊन जेलमध्ये गेल्या. पुढे १९९० च्या दशकात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत एकनाथ आवाड यांनी भूमिहीनांना गायरानं नांगरायला लावली. मार खाल्ला, बहिष्कार सोसले, पण माणसं हटली नाहीत. या लढ्यांमुळे सरकारला हलावं लागलं. १९७८ च्या निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. दुसरी तारीख पाहिलीत ना? ती बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची. निर्णय निघाले, पण हजारो कुटुंबांची प्रकरणं तहसीलमध्ये पडून राहिली. नांगर चालतो, पीक येतं, पण सातबाऱ्यावर नाव सरकारचंच. आपला माणूस सापडतो तो गाव नमुना १-ई मध्ये. तो नमुना म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही.

याच काळात पवनचक्की आली. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला. अ‍ॅना मणी या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी देशभरच्या वाऱ्याच्या नोंदी गोळा करून त्याचे ग्रंथ केले, आज ज्याला आपण वाऱ्याचा नकाशा म्हणतो त्याचा तो पाया. १९८६ मध्ये गुजरात, तामिळनाडू आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पहिले छोटे प्रकल्प फिरू लागले. आपल्याकडे मेडाने साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर प्रात्यक्षिक प्रकल्प केला. मग १९९० च्या दशकाच्या शेवटी खासगी गुंतवणूक आली आणि पाटण तालुक्यातलं वनकुसवडेचं पठार भरून गेलं. कोयनेच्या धरणाने ज्या खोऱ्यातली माणसं उठवली, त्याच खोऱ्याच्या माथ्यावर हे पठार आहे. वरचा सडा, कातळ, गवत, धनगर-गवळ्यांची जनावरं. कागदावर पडीक.

त्या काळातल्या गुंतवणुकीची एक गंमत आहे आणि ती जागेच्या निवडीशी थेट जोडलेली आहे. सरकारने पवनचक्कीला वेगवान घसाऱ्याची सवलत दिली होती, सुरुवातीला १०० टक्के आणि नंतर ८० टक्के. म्हणजे यंत्र उभं केलं की त्याची जवळजवळ सगळी किंमत पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा, कर वाचला. साखर, कापड, मोटारीच्या धंद्यातल्यांनी पवनचक्क्या घेतल्या. ही सवलत यंत्र उभं करण्यावर होती, वीज किती झाली यावर नव्हती. वीज किती केली त्यावर पैसे देणारी योजना केंद्राने आणली ती थेट २००९ मध्ये. मग मार्च संपायच्या आत यंत्र उभं राहणं महत्त्वाचं, की त्या जागेचा वारा सेकंदाला अर्धा मीटर जास्त असणं महत्त्वाचं? ज्या जमिनीवर कुणी हक्काने उभं राहून 'थांबा' म्हणणार नाही, ती जमीन अशा वेळी सगळ्यात चांगली ठरते. वाऱ्याचं शास्त्र सांगणाऱ्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात हे उघड दिसलं. ब्राह्मणवेल परिसरातला प्रकल्प देशातल्या मोठ्या पवन प्रकल्पांत मोजला जातो. तिथली वनजमीन भिल्ल, कोकणा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कसत होते आणि वनखात्याच्या लेखी ते अतिक्रमणदार होते. कंपनीला मात्र वनजमीन रीतसर वळवून मिळते. एकाच जमिनीवर कसणारा गुन्हेगार आणि कंपनी विकासक. सत्यशोधक चळवळीतल्या संघटनांनी तिथे लढा दिला. वनहक्क कायदा २००६ चा. तो ३१ डिसेंबर २००७ ला लागू झाला, तोवर बरंच काही उभं राहिलं होतं.

पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या बाजूला, खेड आणि मावळ तालुक्यांत, आंध्र धरणाजवळचा पवन प्रकल्प याहून बोलका आहे. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्याची हकिकत लिहिली आहे. हे जंगल मोलाचं आहे, ते देऊ नये असं क्षेत्रीय वनाधिकाऱ्याने लेखी कळवलं होतं, वरिष्ठांनी ते बाजूला सारलं. वनहक्कांची अंमलबजावणी न करताच जमीन देण्यात आली. आणि कंपनीने फाटकं, चौक्या बसवून लोकांना त्यांच्याच डोंगरावर जायला अडवलं. आपल्या शहरी पर्यावरणवाद्यांमध्ये त्या प्रकल्पाची चर्चा झाली ती मुख्यतः शेकरूसाठी. शेकरूबद्दल माझी तक्रार नाही, तो आपला राज्यप्राणी आहे. अहवालात माणसांबद्दलही लिहिलेलं होतं, ते फारसं कुणी वाचलं नाही, एवढंच. याच मावळ-मुळशी पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या विजेसाठी धरणं झाली तेव्हाही जमिनीचा मोबदला ज्यांचं नाव कागदावर होतं त्यांच्याशी ठरला. मुळशी सत्याग्रहाचा इतिहास आपण सेनापती बापटांचा म्हणून शिकतो. कुळांचं आणि कुळांच्याही खालच्यांचं काय झालं हे शाळेच्या पुस्तकात येत नाही.

आता बीड. ज्या जिल्ह्यात गायरानाची चळवळ सगळ्यात जोरात झाली, त्याच जिल्ह्याच्या माळांवर आज पवनचक्क्यांची कामं चालू आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचं नाव देशभर झालं. पोलिसांच्या आरोपपत्रानुसार पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीतून ते प्रकरण घडलं. ६ डिसेंबरला कंपनीच्या आवारात सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले, आणि ९ डिसेंबरला त्यांचं अपहरण करून अमानुष खून झाला. खटला न्यायालयात आहे. त्या खुनावर महिनोन्‌महिने चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण ती चर्चा लवकरच मराठा विरुद्ध वंजारी अशी झाली आणि पहिला मार ज्याने खाल्ला तो माणूस गोष्टीतून गळाला. तो रखवालदार दलित होता. महापरिनिर्वाण दिनी, सगळं गाव चैत्यभूमीकडे डोळे लावून असताना, तो माळावर कंपनीच्या फाटकावर ड्युटीवर होता.

मला त्या बातमीत येसकर दिसला. शंभर वर्षांपूर्वी वेशीवर काठी घेऊन बसणारा आपला आजा आणि पवनचक्कीच्या फाटकावर शिट्टी घेऊन बसणारा आपला पोरगा. मधल्या काळात वतन गेलं, बलुतं गेलं, संविधान आलं. पगार मिळतो, हा फरक लहान नाही, तो मी नाकारत नाही. पण प्रकल्पाच्या जागेत आपल्याला काय मिळालं असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर रखवाली असंच येतं. भाडेपट्टा ज्यांच्या नावाने होतो ते दुसरे, रस्त्याचं आणि खडीचं कंत्राट ज्यांना मिळतं ते दुसरे, खंडणी मागणारेही दुसरेच.

कायदा इथे कुठे आहे, असं तरुण विचारतील. कायदा आहे, पण त्याला भोकं आहेत. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत पवन प्रकल्प नाहीत, म्हणून जनसुनावणी नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यास सरकारने जमीन संपादन केली तर लागतो. कंपनीने थेट खरेदी किंवा भाडेपट्टा केला की बऱ्याचदा तो प्रश्नच येत नाही. वनजमीन असेल तर ग्रामसभेच्या संमतीची अट ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या पत्रकाने आली, पुढे ती पातळ होत गेली. आणि गायरान असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. त्याच निकालात भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद करता येईल असं म्हटलं आहे. तलाठ्यापासून प्रांतापर्यंत पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे, दुसरा भाग कुणी वाचून दाखवत नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानधारकांना नोटिसा गेल्या तेव्हा हे पुन्हा दिसलं. आणि आता तर सौर कृषी वाहिनीसाठीही सरकारी जमिनी शोधल्या जात आहेत. पवनचक्कीबद्दल जे म्हणतो आहे ते सौर पाट्यांना जास्तच लागू पडतं, कारण पवनचक्कीखाली निदान शेळी चरू शकते.

जागेच्या निवडीचे केंद्राचे स्वतःचे नियम २०१६ चे आहेत. त्यात म्हटलं आहे की आवाजाचा त्रास टाळण्यासाठी राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नको. नियम चांगला आहे. प्रश्न 'राहतं घर' कशाला म्हणायचं हा आहे. गावठाणातल्या घराला नमुना ८ चा उतारा असतो, वीज बिल असतं, नकाशावर चौकोन असतो. गायरानावर पत्र्याचं घर करून राहणारं कुटुंब, पारध्यांची पालं, धनगराचा वाडा, आदिवासी पाडा? जागा निवडणाऱ्याच्या संगणकावर ते ठिपके म्हणून तरी दिसतात का? जिथे घराची नोंद नाही तिथे ५०० मीटर मोजायचे कुठून, हे नियमात लिहिलेलं नाही.

म्हणून आपली मागणी 'पवनचक्की नको' अशी नाही. आपली मागणी क्रमाची आहे. आधी त्या माळावर, त्या माथ्यावर प्रत्यक्ष कोण आहे त्याची नोंद, आधी १९७८ आणि १९९१ च्या निर्णयांची पडलेली प्रकरणं आणि वनहक्काचे दावे निकाली, आणि मग जागेची निवड. मग विक्री नाही, भाडेपट्टा. आणि पट्टा कसणाऱ्याच्या नावाने, सामाईक जमीन असेल तर उत्पन्नातला हिस्सा भूमिहीनांच्या वस्तीला. यात कंपनीचं नुकसान काही नाही, तिला भाडं द्यायचंच आहे. भाडं कुणाला द्यायचं एवढंच बदलतं, आणि नेमकं तेच बदललेलं प्रस्थापितांना नको असतं.

यासाठी वेळ कधी असतो तेही सांगतो. पवनचक्की उभी राहिल्यावर नाही. मोजणीचा मनोरा लागतो तेव्हा. गावात बारीक, तारांनी ताणलेला उंच खांब दिसला, वर फिरत्या वाट्या दिसल्या, की समजायचं, वर्षभर तरी इथे पाया खणला जाणार नाही. यंत्र दर दहा मिनिटांच्या वाऱ्याची सरासरी टिपत असतं. त्याच वर्षात आपण तलाठ्याकडून त्या शिवारातल्या सरकारी जमिनींचा नमुना १-ब, वर्ग २ च्या जमिनींचा १-क आणि अतिक्रमणांचा १-ई, तिन्हींच्या नकला काढायच्या. कुणाची नावं आहेत, कुणाची गळली आहेत, ती यादी वस्तीत मोठ्याने वाचायची. ज्यांनी १९९० पूर्वीपासून कसलं त्यांच्याकडे जुने दंड भरल्याच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, पंचनामे असतात, पेटीच्या तळाशी, लग्नपत्रिकांच्या खाली. त्या झेरॉक्स करून अर्ज करायचा. मग ग्रामसभेत ना-हरकतीचा ठराव येईल तेव्हा आपला अर्ज प्रलंबित आहे असं इतिवृत्तात लिहून घ्यायचं, तोंडी सांगून भागत नाही. तलाठी नक्कल द्यायला टाळाटाळ करेल. लेखी अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.